दूरगावची दुसरी वही

(महत्त्वाच्या नोंदी संकटातही सुरक्षित राहाव्यात, म्हणून त्यांची दुसरी प्रत दूरच्या ठिकाणी ठेवतात. न्यूझीलंड या भूकंपांच्या देशात हे काम कसे करतात, त्याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या शाळेच्या कचेरीतल्या कपाटात एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. तुम्ही शाळेत दाखल झालात, त्या दिवशी तुमचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव असे सारे त्या वहीत लिहिले गेले. पुढे तुम्ही शाळा सोडाल, तेव्हा तुमचा दाखला याच वहीत पाहून लिहितील. तुमचे आजोबा याच शाळेत शिकले असतील, तर त्यांचेही नाव जुन्या, पिवळ्या पानांवर सापडेल.

आता क्षणभर विचार करा. एखाद्या पावसाळ्यात शाळेचे छप्पर गळू लागले आणि ते कपाट भिजले तर? वहीला वाळवी लागली तर? आग लागली तर? छप्पर नवे घालता येईल. कपाटही नवे आणता येईल. पण वहीतली नावे कुठून आणायची?

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ‘‘त्यात काय अवघड आहे? वहीची दुसरी प्रत करून ठेवावी!’’ अगदी बरोबर. पण ती ठेवायची कुठे? त्याच कपाटात ठेवली, तर दोन्ही वह्या एकदम भिजतील. शेजारच्या खोलीत ठेवली, तरी छप्पर तेच. गावातच दुसऱ्या घरी ठेवली आणि नदीला पूर आला, तर? म्हणजे दुसरी वही दूरच्या गावीच ठेवायला हवी. पण मग नवीच अडचण उभी राहते. आज इथे नवे नाव लिहिले, ते तिथल्या वहीत कोण लिहिणार? आणि कधी लिहिणार?

प्रश्न साधे दिसतात. पण जगातले हुशार संगणकतज्ज्ञ याच प्रश्नांवर डोके खपवत आले आहेत. चला, त्यांची उत्तरे आपण एका दूरच्या देशात जाऊन पाहू.

भारताच्या आग्नेयेला, पॅसिफिक महासागरात न्यूझीलंड हा देश आहे. तो आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आहे. त्याची दोन मोठी बेटे आहेत. एक उत्तर बेट आणि दुसरे दक्षिण बेट. दोन्हींच्या मधून कुकची सामुद्रधुनी वाहते. ती अरुंद जागी सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे. वेलिंग्टन हे राजधानीचे शहर आणि ऑकलंड हे सर्वांत मोठे शहर उत्तर बेटावर आहे. क्राइस्टचर्च हे मोठे शहर दक्षिण बेटावर आहे.

हिरवी कुरणे, मेंढ्यांचे कळप, बर्फाच्छादित डोंगर यांनी हा देश नटलेला आहे. पण त्याच्या पोटात मोठी उलथापालथ चाललेली असते. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे न्यूझीलंडखाली एकमेकांना रेटत असतात. त्यामुळे तिथे वर्षाकाठी सुमारे वीस हजार भूकंपांची नोंद होते. त्यांतले बहुतेक इतके लहान असतात, की ते माणसांना जाणवतही नाहीत. पण कधी कधी मोठा धक्का बसतो आणि गावेच्या गावे हादरतात.

अशा देशातल्या लोकांना आपले कागदपत्र जपण्याची शिकवण फार पूर्वीच मिळाली. त्याची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

सन १८४० च्या ६ फेब्रुवारीला वैतांगी या ठिकाणी इंग्रज सरकार आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे प्रमुख यांच्यात एक करार झाला. सगळे प्रमुख एका ठिकाणी जमणे शक्य नव्हते. म्हणून कराराच्या प्रती तयार करून त्या देशभर फिरवण्यात आल्या. पाचशेहून अधिक प्रमुखांनी त्यांवर सह्या केल्या किंवा आपापल्या खुणा काढल्या. न्यूझीलंडच्या इतिहासात या कागदांना फार मोल आहे.

पण या अनमोल कागदांचे हाल किती झाले, पाहा! करारानंतर थोड्याच काळात ऑकलंडमधल्या सरकारी कचेरीला आग लागली. एका कारकुनाने प्रसंगावधान दाखवून हे कागद बाहेर काढले, म्हणून ते वाचले. पुढे ते वेलिंग्टनला आले आणि सरकारी इमारतीत पडून राहिले. सन १९०८ मध्ये हॉकन नावाच्या इतिहासप्रेमी डॉक्टरांना ते सापडले. पण तोवर पाण्याने आणि उंदरांनी आपले काम केले होते. काही कागदांचे मोठमोठे तुकडे उंदरांनी कुरतडून खाल्ले होते!

सुदैवाने सन १८७७ मध्ये सरकारी छापखान्याने या कागदांच्या हुबेहूब नकला छापल्या होत्या. उंदरांनी खाल्लेल्या भागात काय होते, हे कळायला त्या नकलांची मदत झाली. आज मूळ कागद वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काळजीपूर्वक जपून ठेवले आहेत.

सगळ्याच कागदांचे नशीब असे चांगले नव्हते. सन १९५२ मध्ये वेलिंग्टनमधील होप गिबन्स नावाच्या इमारतीला आग लागली. तिथे सरकारी खात्यांची जुनी दप्तरे ठेवलेली होती. त्यांतली पुष्कळशी जळून गेली. ज्यांची दुसरी प्रत नव्हती, ती कायमची गेली.

पुढे काळ बदलला. वह्यांची जागा संगणकांनी घेतली. बँकेतली खाती, दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी, वीजबिले, रेल्वेची आरक्षणे, जमिनींचे उतारे असे सारे संगणकात साठवले जाऊ लागले. नीट रचून ठेवलेल्या, हवी ती नोंद चटकन सापडेल अशा माहितीच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. हजार कपाटांत मावणार नाहीत एवढ्या नोंदी एका लहानशा संगणकात राहू शकतात. हा मोठाच फायदा झाला. पण त्याबरोबर धोकाही वाढला. पूर्वी एक कपाट जळले, तर एका कपाटातल्या वह्या जात. आता एक यंत्र बिघडले, तर हजार कपाटे एका क्षणात नाहीशी होऊ शकतात.

हा धोका किती खरा आहे, ते क्राइस्टचर्चच्या लोकांनी अनुभवले. २२ फेब्रुवारी २०११ चा दिवस. मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून एक्कावन्न मिनिटे झाली होती. कचेऱ्यांमधून लोक जेवणासाठी उठत होते. इतक्यात भूकंपाचा जबरदस्त धक्का बसला. काही क्षणांत इमारती कोसळल्या. या भूकंपात १८५ माणसे मरण पावली.

शहराच्या मध्यभागी धोका फार होता. उभ्या राहिलेल्या इमारतीही केव्हा पडतील, याचा नेम नव्हता. म्हणून पोलिसांनी आणि सैनिकांनी त्या भागाला वेढा घातला. कुणालाही आत जाऊ देईनात. हळूहळू एकेक रस्ता मोकळा झाला. पण वेढा पूर्णपणे उठायला जून २०१३ उजाडला. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लागला!

त्या भागात दुकाने होती, कचेऱ्या होत्या. अनेकांचे संगणक आणि हिशेबाचे कागद आतच अडकले. काहींनी दुसरी प्रत करून ठेवली होती, पण ती त्याच इमारतीत होती. प्रत जवळ असूनही हाती येत नव्हती. कुणाकडून किती पैसे येणे आहे, कुणाला किती देणे आहे, कामगारांचा पगार किती, काही कळेना. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात होती, त्यांना मात्र तिथून काम चालू ठेवता आले. घर पडलेल्या माणसाला अशा वेळी बँकेतले स्वतःचे पैसे मिळणे किती गरजेचे असते, याचा विचार करा. दवाखान्यात आणलेल्या जखमी माणसाला कोणते औषध चालत नाही, ही नोंद सापडली नाही तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

पाच वर्षांनी पुन्हा धक्का बसला. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्र उलटून दोनच मिनिटे झाली होती. दक्षिण बेटावरील कायकोरा गावाच्या परिसरात मोठा भूकंप झाला. वेलिंग्टन तिथून बरेच दूर, पण तिथल्याही इमारती हादरल्या. बंदराजवळ देशाच्या सांख्यिकी खात्याची इमारत होती. देशात किती माणसे आहेत, वस्तूंचे भाव किती वाढले, अशी आकडेवारी हे खाते जमवते. या इमारतीतल्या मजल्यांचे काही भाग खाली कोसळले. रात्रीची वेळ असल्यामुळे कुणाला इजा झाली नाही. मात्र खात्याचे काम विस्कळीत झाले. काही आकडेवारी ठरल्या दिवशी प्रसिद्ध करता आली नाही. पुढे ती इमारत पाडून टाकावी लागली.

संकट नेहमी भूकंपाच्याच रूपाने येते, असेही नाही. सन १९९८ च्या फेब्रुवारीत ऑकलंडमध्ये भूकंप नव्हता, पूर नव्हता. पण शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या चार मोठ्या केबली एकामागून एक निकामी झाल्या. सुमारे पाच आठवडे त्या भागात विजेची टंचाई होती. उंच इमारतींमधले पाळणे बंद पडले. दिवे गेले. संगणकही बंद पडले. अनेक कचेऱ्यांना आपला मुक्काम दुसरीकडे हलवावा लागला. इमारती शाबूत, यंत्रे शाबूत, पण विजेवाचून सारे अडले!

या सगळ्यांतून लोक एक गोष्ट शिकले. दुसरी प्रत हवी आणि ती दूर हवी. तिचे रस्ते, तिची वीज, तिची जमीन सारेच निराळे हवे.

आता ही दूरची प्रत तयार कशी करतात, ते पाहू.

तुमच्या गावात जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणारा एखादा दुकानदार असेल. त्याच्याकडे दोन प्रकारच्या वह्या असतात. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होतो, तो घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहितात. मग त्यावरून प्रत्येकाच्या खात्यावर नोंद करतात. ती खतावणी. खतावणी पाहिली, की कुणाकडे किती बाकी आहे, ते लगेच समजते.

मोठे डेटाबेस नेमके असेच काम करतात. काहीही बदल झाला, की संगणक तो आधी आपल्या रोजकीर्दीत क्रमाने लिहितो. मग खात्यांवर चढवतो. दूरच्या गावी असाच दुसरा संगणक ठेवलेला असतो. त्याच्याकडे रोज सारीच्या सारी खतावणी पाठवण्याची गरज नसते. फक्त रोजकीर्दीच्या नव्या ओळी पाठवल्या, की पुरते. त्या ओळी वाचून तो आपल्या खतावणीत तेच बदल त्याच क्रमाने करतो. त्यामुळे दोन्हीकडच्या वह्या सारख्या राहतात. जणू जुळ्या बहिणीच!

यात क्रमाला फार महत्त्व आहे. समजा, तुमच्या खात्यावर काहीच पैसे नव्हते. सकाळी तुम्ही ५०० रुपये भरले आणि दुपारी ३०० रुपये काढले. दूरच्या संगणकाने आधी ‘३०० काढले’ असे वाचले, तर तो म्हणेल, ‘‘खात्यावर पैसेच नाहीत!’’ म्हणून प्रत्येक ओळीला क्रमांक दिलेला असतो. चाळिसावी ओळ आली आणि मग एकदम बेचाळिसावी आली, तर दूरचा संगणक थांबतो आणि ‘एक्केचाळिसावी पाठवा’ असे कळवतो.

या ओळी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने जातात. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तुम्हांला वाटेल, एवढा वेग असल्यावर काळजी कसली? पण थोडे गणित करून पाहा.

ऑकलंड आणि वेलिंग्टन यांच्यात सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर अंतर आहे. ऑकलंडहून ओळ गेली आणि ‘मिळाली’ असा निरोप परत आला, तर प्रकाशाचा १,००० किलोमीटर प्रवास होतो. त्याला सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो. पण एकामागून एक अशा हजार नोंदी करायच्या असतील आणि प्रत्येक वेळी निरोपाची वाट पाहायची असेल, तर? वाट पाहण्यातच पाच सेकंद जातील. दुसरी वही ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला ठेवली, तर अंतर सुमारे २,१५० किलोमीटर होईल. मग केबल अगदी सरळ असली, तरी एकवीस सेकंदांहून जास्त वेळ वाट पाहण्यात जाईल. तोवर बँकेच्या खिडकीपुढे रांग वाढत राहील.

म्हणून तज्ज्ञांनी दोन पद्धती काढल्या आहेत.

पहिली पद्धत ‘थांबून लिहिण्याची’. इथे लिहिले, तिथे पाठवले, तिथून ‘लिहिले’ असा निरोप आला, की मगच काम पुरे झाले असे म्हणायचे. या पद्धतीत इथले सारे बुडाले, तरी पुरी झालेली एकही नोंद हरवत नाही. पण दर वेळी थांबावे लागते. म्हणून दुसरी वही फार दूर ठेवता येत नाही.

दुसरी पद्धत ‘मागून पाठवण्याची’. इथले काम न थांबता चालू ठेवायचे आणि रोजकीर्दीच्या ओळी मागाहून पाठवत राहायचे. या पद्धतीत दुसरी वही कितीही दूर ठेवता येते. पण ती नेहमी काही क्षण मागे असते. नेमक्या त्या क्षणी भूकंप झाला, तर शेवटच्या काही नोंदी वाटेतच राहतात.

मग कोणती पद्धत चांगली? याचे उत्तर कामावर अवलंबून असते. पैशांच्या व्यवहारातली एकही नोंद हरवून चालणार नाही. पावसाच्या मोजमापातल्या दोन नोंदी उशिरा आल्या, तर फारसे बिघडणार नाही. काही मोठ्या संस्था दोन्ही पद्धती वापरतात. एक प्रत जवळच्या ठिकाणी थांबून लिहितात आणि आणखी एक प्रत फार दूर मागून पाठवतात.

दुसरी प्रत झाली, म्हणजे सारे झाले असे मात्र समजू नका. दुसरी वही अतिशय आज्ञाधारक असते. पहिल्या वहीत जे होईल, तेच ती करते. कुणी चुकून इथे शंभर नावे खोडली, तर क्षणात तिथेही शंभर नावे खोडली जातात! म्हणून जुळ्या वहीखेरीज दर दिवसाची किंवा दर आठवड्याची एक प्रत वेगळी काढून बाजूला ठेवतात. तिला कुणी हात लावत नाही. चूक झालीच, तर कालच्या प्रतीवरून ती सुधारता येते.

आणखी एक गंमत पाहा. समजा, दोन्ही गावांतली यंत्रे धड आहेत, पण मधली केबल तुटली. आता दूरचा संगणक काय समजेल? ‘पहिला बुडाला, आता मीच मुख्य!’ असे म्हणून तोही नोंदी घेऊ लागेल. इकडे पहिलाही नोंदी घेतच असेल. एका वर्गाला दोन वर्गप्रमुख आणि दोघांच्या दोन निराळ्या हजेऱ्या, असा गोंधळ होईल. तो टाळण्यासाठी कधी कधी तिसऱ्या ठिकाणी एक लहानसा संगणक पंच म्हणून ठेवतात. ज्याला पंचाचा कौल मिळेल, तोच मुख्य.

केबल तुटणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. कायकोराच्या भूकंपात डोंगरकडे कोसळले. किनाऱ्यावरचा मुख्य रस्ता सुमारे तेरा महिने बंद राहिला. त्याबरोबर पूर्व किनाऱ्याने जाणारी केबलही तुटली. पण दक्षिण बेटाच्या पश्चिम बाजूने जाणारी दुसरी केबल होती, म्हणून बेटाचा संपर्क तुटला नाही. कायकोरा गाव मात्र एकटे पडले होते. त्या गावाजवळून समुद्राखाली एक केबल गेलेली होती. तिला जोड देऊन गावाचा संपर्क पुन्हा सुरू करण्यात आला. वह्या दोन हव्यात, तशा वाटाही दोन हव्यात.

न्यूझीलंडमध्ये भूकंपांवर लक्ष ठेवण्यासाठी सन २००१ मध्ये जिओनेट नावाची व्यवस्था सुरू झाली. देशभर ठेवलेली यंत्रे जमिनीची थरथर टिपतात आणि ती माहिती केंद्राकडे पाठवतात. भूकंपाची माहिती जमवणारे केंद्रच भूकंपात बंद पडले, तर कसे चालेल? म्हणून जिओनेटची दोन माहितीकेंद्रे उभारण्यात आली. एक वेलिंग्टनजवळ ॲव्हलॉन येथे आणि दुसरे तिथून सुमारे ३०० किलोमीटरवर, उत्तर बेटाच्या मध्यभागी वैराकेई येथे.

हवामान आणि पाणी यांचा अभ्यास करणाऱ्या निवा या संस्थेनेही सन २०१८ मध्ये असेच केले. तिने वेलिंग्टनमध्ये दोन महासंगणक बसवले. त्यांना माउई आणि माहुइका अशी माओरी कथांमधली नावे दिली. पण वेलिंग्टनमध्ये मोठा भूकंप झाला तर? म्हणून तिसरा महासंगणक दूर ऑकलंडमध्ये ठेवला. त्याचे नाव कुपे. माओरी लोकांच्या कथांमध्ये कुपे हा महासागर ओलांडून आलेला शूर दर्यावर्दी आहे. संकटात धावून येणाऱ्या संगणकाला किती शोभणारे नाव!

तुम्ही विचाराल, ‘‘ऑकलंड तरी पूर्ण सुरक्षित आहे का?’’ नाही. ते शहर सुमारे पन्नास लहान ज्वालामुखींच्या प्रदेशावर वसले आहे. वेलिंग्टनला भूकंपाची भीती, तर ऑकलंडला ज्वालामुखीची. पण दोन्ही संकटे एकाच दिवशी दोन्हीकडे येतील, हे जवळजवळ अशक्य आहे. पूर्ण सुरक्षित जागा शोधत बसण्यापेक्षा, ज्यांची संकटे निराळी आहेत अशा दोन जागा निवडणे शहाणपणाचे असते.

आपल्या देशातही असे काम चालते. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार आहे. तिथे कंपन्यांच्या भागांची खरेदी-विक्री होते. त्याचे संकटकाळचे केंद्र दूर चेन्नईला आहे. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, या बाजाराने मुद्दाम एक कवायत केली. मुंबईवर कोणतेही संकट आलेले नव्हते. तरीही त्या दिवशी काही वेळ मुख्य केंद्रावरून काम केले आणि मग ते संकटकाळच्या केंद्रावर नेले. आग लागण्यापूर्वीच शाळेत आग विझवण्याचा सराव करतात ना? तसाच हा सराव. दुसरी वही नुसती ठेवून भागत नाही. वेळ आली तर ती उघडते का, वाचता येते का, हे अधूनमधून पाहावे लागते.

मुलांनो, आता आपल्या शाळेतल्या त्या जाडजूड वहीकडे पुन्हा पाहा. त्यात नुसती अक्षरे नाहीत. एकेका ओळीमागे एकेक माणूस आहे. कुणाचा जन्म, कुणाची जमीन, कुणाचे औषध, कुणाची आयुष्यभराची बचत अशा नोंदींमध्ये साठवलेली असते. भूकंप थांबवणे माणसाच्या हाती नाही. पण भूकंपानंतरच्या सकाळी बेघर झालेल्या माणसाला ‘तुमचे नाव आमच्याकडे आहे’ असे सांगता येणे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठीच कुठल्याशा दूरगावी दुसरी वही रात्रंदिवस लिहिली जात असते.

शब्दार्थ

दप्तर – कचेरीतील कागदपत्रांचा संग्रह
प्रसंगावधान – संकटाच्या वेळी चटकन योग्य ते सुचणे
विस्कळीत होणे – घडी मोडणे
पाळणा – उंच इमारतीत वरखाली नेणारे यंत्र, लिफ्ट
शाबूत – न मोडलेले, धड
रोजकीर्द – रोजचे व्यवहार क्रमाने लिहिण्याची वही
खतावणी – प्रत्येकाचे खाते वेगळे मांडलेली वही
दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वैतांगीचा करार कधी झाला?
(आ) करारातील खराब झालेल्या भागात काय होते, हे कशामुळे कळू शकले?
(इ) जिओनेटची दोन माहितीकेंद्रे कोठे उभारण्यात आली?

२. कारणे सांगा.
(अ) क्राइस्टचर्चमधील काही दुकानदारांना दुसरी प्रत असूनही तिचा उपयोग झाला नाही.
(आ) रोजकीर्दीच्या प्रत्येक ओळीला क्रमांक दिलेला असतो.
(इ) जुळ्या वहीखेरीज आणखी एक प्रत बाजूला काढून ठेवतात.

३. ‘थांबून लिहिणे’ आणि ‘मागून पाठवणे’ या दोन पद्धतींतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.

४. गणित करा. दोन गावांमध्ये २०० किलोमीटर अंतर आहे. प्रकाश काचेतून एका सेकंदात दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा कितवा भाग लागेल?

५. वाक्यात उपयोग करा.
डोके खपवणे, नेम नसणे, जिवावर बेतणे.

उपक्रम

तुमच्या घरातील महत्त्वाच्या कागदांची यादी घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने करा. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत आहे का आणि ती कोठे ठेवली आहे, ते यादीत लिहा.